सायकलिंगच्या चष्म्यातले आकडे मधेच गायब होतात? आधी नोज पॅड बघा, मग ब्लूटूथ

डोळ्यासमोर आकडे दाखवणाऱ्या (हेड-अप डिस्प्लेच्या) सायकलिंग चष्म्यांबद्दलची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते: "घरी सगळं नीट चालतं, रस्त्यावर अर्ध्या-पाऊण तासाने डिस्प्ले दिसेनासा होतो." वेग, हृदयाचे ठोके, पॉवर, पुढचं वळण, जे काही डोळ्यासमोर तरंगत असतं ते जातं. थोड्या वेळाने आपोआप परत येतं आणि पुढच्या चढावर पुन्हा जातं. मग माणूस फर्मवेअर अपडेट करतो, पेअरिंग तोडून पुन्हा जोडतो, शेवटी वैतागून फॅक्टरी रीसेट मारतो. एक-दोन राइड बऱ्या जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असंच बहुतेकदा चाललेलं असतं.

"डिस्प्ले गेला" या एका तक्रारीत चार निरनिराळी दुखणी लपलेली असतात. चित्र आहे, पण डोळा योग्य जागी नाही. चित्र आहे, पण उन्हापुढे फिकं पडलंय. चित्र आहे, पण मेंदू ते बघायला तयार नाही. आणि चौथं, चित्र खरोखरच नाही, कारण आकडे पोचत नाहीत किंवा चष्मा झोपला आहे. पहिल्या तिघांचा ब्लूटूथशी काडीचाही संबंध नाही. तरी सगळे उपाय चौथ्यावरच होतात, म्हणून तक्रार परत परत येते.

आधी निदान

पुढच्या वेळी डिस्प्ले गेला की रस्त्याच्या कडेला सायकल थांबवा. चालत्या सायकलवर यातलं काहीही करायचं नाही. आणि थांबल्यावर लगेच चष्म्याला हात लावू नका. आपण सवयीने चष्मा वर सरकवतो आणि त्याच क्षणी पुरावा नष्ट होतो. पाय टेकून, सायकल चालवताना होती तशीच मान आणि पाठ ठेवा, नजरही तशीच समोर ठेवा.

आता ज्या डोळ्यासमोर डिस्प्ले नाही तो डोळा मिटा. चित्र दिसायला लागलं तर दोष मेंदूच्या निवडीचा आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय. नाही दिसलं तर तळहाताने काचेवर बाहेरून सावली करा, हात काचेला न लावता आणि काडीवरच्या सेन्सरपासून जरा लांब ठेवून. आकडे उमटले तर प्रश्न उजेडाचा. तरीही काही नाही? मग एका बोटाने फ्रेम किंचित वर ढकला, नंतर किंचित खाली. चित्र एकदम समोर आलं तर प्रश्न बसवणुकीचा. हा क्रम बदलू नका. बोटाची चाचणी आधी केली तर चष्म्याची जागा हलते आणि मग बाकीच्या दोन चाचण्यांना काही अर्थ उरत नाही.

तिन्ही करूनही अंधारच असेल, किंवा आकड्यांची चौकट दिसते पण आकडे गोठलेत, त्यांच्या जागी रेघा आल्यात, तरच इलेक्ट्रॉनिक्सकडे वळा.

डोळा जागेवर नाही

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा निघणारा दोष हाच, आणि सगळ्यात कमी लोक तपासतात तोही हाच.

हेड-अप डिस्प्लेचं चित्र काचेवर छापलेलं नसतं. फ्रेममधलं छोटं पॅनेल प्रकाश टाकतं, काचेची आतली बाजू किंवा एखादा छोटा प्रिझम तो डोळ्याकडे वळवतो, आणि डोळ्यासमोरच्या एका लहानशा जागेत बाहुली असेल तरच पूर्ण चित्र दिसतं. या जागेला आयबॉक्स म्हणतात. तो मॉडेलनुसार कमी-जास्त असतो, पण हिशेब मिलिमीटरचाच. बाहुली त्याच्या कडेला गेली की चित्राची एक बाजू कापली जाते, आणखी सरकली की सगळंच जातं. हे कापलं जाणं नीट लक्षात ठेवा. ब्लूटूथ तुटल्यावर चित्र कडेने खाल्लं जात नाही. वरची ओळ आधी गेली आणि मग बाकीचं गेलं असेल, तर फोनकडे बघूही नका.

आता घरी का दिसतं आणि रस्त्यावर का जातं ते पाहू. घरी तुम्ही ताठ बसून समोर बघता. सायकलवर, विशेषतः हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर असताना, मान खाली झुकते आणि रस्ता बघायला डोळे वर वळवावे लागतात. नेत्रगोल ज्या केंद्राभोवती फिरतो त्याच्या साधारण १० मिमी पुढे बाहुली असते. नजर २० अंश वर गेली की बाहुली जवळजवळ साडेतीन मिमी वर सरकते. त्यात घाम आणि सनस्क्रीनमुळे नोज पॅड निसटून चष्मा दोनेक मिमी खाली आला, म्हणजे डोळा वर आणि चष्मा खाली, दोघे विरुद्ध दिशेला. मिळून साडेपाच मिमी झाले. भरीस भर म्हणजे अंधारात ७ ते ८ मिमीपर्यंत उघडणारी बाहुली कडक उन्हात २ ते ३ मिमीवर येते, त्यामुळे चुकीला वावही उरत नाही. "अर्ध्या तासाने, चढावर" ही वेळ घामाची आहे, बॅटरीची नव्हे.

चष्मा आरशासमोर उभं राहून बसवू नका. सायकल ट्रेनरवर (जागीच सायकल चालवायच्या स्टँडवर) लावा किंवा भिंतीला टेकवा, हेल्मेट घाला आणि जास्तीत जास्त वेळ ज्या पोझिशनमध्ये असता त्या पोझिशनमध्ये बसा. वाकणारे नोज पॅड असतील तर ते जवळ आणून चष्मा वर उचला, इतका की नजर वर असतानाही चारही कोपरे दिसतील. ताठ बसल्यावर चित्र थोडं कापलं गेलं तरी चालेल, ताठ बसून तुम्ही फार वेळ सायकल चालवणार नाही.

काही चष्म्यांच्या ॲपमध्ये चित्र वर-खाली सरकवायची सोय असते. ॲक्टिव्हलुक तंत्रावरच्या चष्म्यांत, म्हणजे एन्गो किंवा ज्युल्बोच्या एव्हाडमध्ये, ती आहे. पण चित्र सरकवणं आणि आयबॉक्स सरकवणं या दोन वेगळ्या गोष्टी. कडेने कापल्या जाणाऱ्या ओळीला त्याचा उपयोग होतो. संपूर्ण गेलेलं चित्र मात्र त्याने परत येत नाही, त्यासाठी फ्रेमच हलवावी लागते.

नोज पॅड साध्या साबणाने धुवा, नाकाच्या दांड्यावर सनस्क्रीन लावलं तर ते मुरेपर्यंत थांबा किंवा पुसून घ्या. पॅडचं रबर चकचकीत आणि कडक झालं असेल तर बदला. काड्यांच्या टोकांना बसणारे सिलिकॉनचे हुक किंवा डोक्यामागून जाणारा पट्टा दिसायला कसातरीच दिसतो, पण इतक्या थोड्या पैशांत इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

हेल्मेटकडेही संशयाने बघा. हेल्मेट काढून चित्र पूर्ण दिसतं आणि घातल्यावर कापलं जातं, असं होत असेल तर पुढचा कपाळपॅड फ्रेमची वरची कड दाबतोय किंवा मागची डायलने आवळायची पकड काड्यांना पुढे ढकलतेय. काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांवरून, बाहेरून घ्या. पट्ट्यांखाली दाबल्या गेल्या की मान वळवताना प्रत्येक वेळी फ्रेमही ओढली जाते.

काडीवर चिकटवायचं मॉड्यूल वापरत असाल तर आणखी एक भानगड आहे. २०१६ मध्ये आलेलं गार्मिनचं वारिया व्हिजन जेमतेम ३० ग्रॅमचं, पण ते सगळं वजन एकाच काडीवर येतं. हलक्या गॉगलवर ते एका बाजूला कलंडतं, खडबडीत रस्त्यावर जास्तच. असं मॉड्यूल ताठ काड्यांच्या, नाकावर घट्ट बसणाऱ्या फ्रेमवरच लावावं. आणि नंबरच्या काचांचा इन्सर्ट, म्हणजे आतून बसवायची जोडचौकट, लावणाऱ्यांचा चष्मा डोळ्यापासून थोडा लांब जातो, म्हणून त्यांना चित्र चारही बाजूंनी आखडलेलं दिसतं. सेटिंगमध्ये याला उतारा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स किंवा नंबर असलेली मूळ काच हेच दोन पर्याय.

उन्हात फिकं पडणं

दुपारच्या थेट उन्हात जमिनीवर साधारण १ लाख लक्स उजेड पडतो. काळा डांबरी रस्ता त्यातला दहा टक्के परत फेकतो असं धरलं तर त्याची चकाकी सुमारे ३,२०० कँडेला प्रति चौरस मीटर होते. उजळ सिमेंटचा रस्ता तीस टक्के परत फेकत असेल तर तीच ९,५०० च्या आसपास जाते. म्हणजे डांबरावर नीट वाचता येणारे आकडे सिमेंटवर लागल्याबरोबर जवळजवळ तिप्पट उजेडाशी झगडतात. ठरावीक रस्त्यावरच डिस्प्ले जातो, असं कोणी म्हणालं की मी आधी तिथला रस्ता कशाचा आहे ते विचारतो.

ज्या चष्म्यांत चित्र काचेच्या आतल्या बाजूवरून परावर्तित होतं, तिथे काचेचा रंग बाहेरचा उजेड कापतो, चित्राला हात लावत नाही. म्हणून काचेची निवड हे खरं ब्राइटनेस बटण. गडदपणाच्या श्रेणी ३ ची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, श्रेणी १ ची ४३ ते ८० टक्के. भर उन्हात श्रेणी १ घालून ब्राइटनेस कमाल करण्यापेक्षा श्रेणी ३ घालून ब्राइटनेस मध्यम ठेवलेला बरा, बॅटरीही वाचते.

फोटोक्रोमिक काच असेल तर सावध राहा. ती अतिनील किरणांनी गडद होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गरम झाल्यावर ती पूर्ण गडद होत नाही हे फारसं कोणी सांगत नाही. गारठ्यातल्या सकाळी ती छान काळी होते. उकाड्याच्या दुपारी, जेव्हा गडदपणाची खरी गरज असते, तेव्हाच ती कमी पडते. हिवाळ्यात काही तक्रार नव्हती आणि उन्हाळ्यात सुरू झाली, याचं उत्तर अनेकदा इथेच मिळतं.

ऑटो ब्राइटनेसचा सेन्सर फ्रेमवर असतो. त्यावर घामाचा थेंब सुकून मिठाचा पापुद्रा बसला किंवा टोपीच्या चोचीची सावली पडली, की त्याला वाटतं संध्याकाळ झाली आणि तो चित्र मंद करतो. दाट झाडांखालून जाताना ऊन-सावली भराभर बदलते, तेव्हाही तो मागे पडतो. एक राइड ब्राइटनेस हाताने ठरवून ठेवा. प्रश्न सुटला तर सेन्सर पुसा, टोपी बदला. बोगद्यातून किंवा अंधारात जाणार असाल तर मात्र ऑटोवर परत या. अंधारात पूर्ण तेजातले आकडे रस्ता झाकतात.

मेंदूच चित्र गाळतो

एक डोळा मिटल्यावर चित्र परत आलं असेल, तर घाबरू नका. दोन डोळ्यांना दोन वेगळी दृश्यं मिळाली की मेंदू कधी एकाला पुढे करतो, कधी दुसऱ्याला. याला द्विनेत्री स्पर्धा म्हणतात. शिवाय नजरेच्या कडेला स्थिर असलेली गोष्ट काही क्षणांत विरून गेल्यासारखी वाटते, हा ट्रॉक्सलरचा परिणाम १८०४ पासून नोंदलेला आहे. एका डोळ्यासमोर, नजरेच्या कोपऱ्यात, न हलणारं चित्र: दोन्ही गोष्टींना याहून सोयीचं काय असणार?

तुमचा प्रबळ डोळा कोणता ते बघा. हात लांब करून दोन तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून दूरची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो प्रबळ. डिस्प्ले दुसऱ्या डोळ्यासमोर असेल तर विरण्याचा त्रास जास्त जाणवू शकतो. वारिया व्हिजन कुठल्याही काडीवर लावता यायचं. एन्गोसारख्या चष्म्यांत चित्र उजव्या डोळ्यासमोरच असतं, तिथे पर्याय नाही. अशा वेळी आकडे कमी करा, मोठे करा आणि त्यांच्याकडे टक लावून बघू नका. एका पानावर दोन मोठे आकडे पुरतात. सहा आकड्यांचं पान डोळ्यासमोर लावण्याचा हट्ट मला कधीच समजलेला नाही, तेवढं वाचायला हँडलवरचा कॉम्प्युटर आहेच.

आता ब्लूटूथ

इथवर आलात म्हणजे चित्र खरोखरच नाही किंवा आकडे गोठलेत. आधी हँडलवरच्या कॉम्प्युटरकडे किंवा फोनकडे बघा. तिथेही हृदयाच्या ठोक्यांच्या जागी रेघा असतील तर चष्मा निर्दोष आहे, छातीच्या पट्ट्याची बॅटरी किंवा कोरडे इलेक्ट्रोड बघा. रिकॉन जेट किंवा एव्हरीसाइट रॅप्टर या जुन्या चष्म्यांमध्ये स्वतःचं जीपीएस होतं. एन्गोसारखे हलके चष्मे मात्र दुसऱ्याने दिलेले आकडे फक्त दाखवतात. वरून जे येतच नाही ते ते दाखवणार कुठून?

कॉम्प्युटरवर आकडे आहेत आणि चष्म्यात नाहीत, तर चष्मा नेमका कोणाशी जोडला गेलाय ते तपासा. असे चष्मे साधारणपणे एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात आणि एकदा जोडले गेले की इतरांना दिसेनासे होतात. तुम्ही चष्मा चालू करता, खिशातला फोन झडप घालून तो पकडतो, आणि कॉम्प्युटर बिचारा शोधत बसतो. कॉम्प्युटरवरून आकडे हवे असतील तर राइडपुरतं फोनमधलं चष्म्याचं ॲप पूर्ण बंद करा. गार्मिनच्या कॉम्प्युटरवर कनेक्ट आयक्यू या त्यांच्या ॲप-स्टोअरमधलं डेटा फील्ड वापरत असाल तर ते फील्ड त्याच ॲक्टिव्हिटी प्रोफाइलमध्ये जोडलेलं असावं लागतं. रोडच्या प्रोफाइलमध्ये जोडलं आणि आज माउंटन बाइकचं प्रोफाइल निवडलं, तर चष्मा गप्प बसणारच.

फोनवरून चालवणाऱ्यांना "घरी चालतं, बाहेर नाही" हे खरोखरच ब्लूटूथमुळेही होऊ शकतं, आणि त्यामागचं कारण मजेशीर आहे. फोन पाठीच्या खिशात, चष्मा तोंडावर, मध्ये तुमचं धड. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी भरलेल्या शरीरातून पार होताना फार क्षीण होतात. घरात त्या भिंतींवर आपटून, वळसा घालून चष्म्यापर्यंत पोचतात. मोकळ्या रस्त्यावर आपटायला भिंतच नसते. म्हणून घरातली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. मोकळ्या मैदानात जा, फोन पाठीच्या खिशात ठेवा, सायकलवर वाकता तसं वाका आणि बघा. तुटत असेल तर फोन चष्म्यातली अँटेना ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या खिशात हलवा, किंवा सरळ हँडलवरच्या पिशवीत ठेवा. कॉम्प्युटर हँडलवरच असेल आणि तरीही तुटत असेल, तर हे कारण मनातून काढून टाका, कारण त्याच्या आणि चष्म्याच्या मध्ये काहीच नसतं.

ठरावीक मिनिटांनी, फोनचा पडदा बंद झाल्यावर तुटतंय? मग अँड्रॉइडची बॅटरी बचत ॲपला झोपवतेय. त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढा. अँड्रॉइड १२ पासून "जवळपासची उपकरणं" ही परवानगी वेगळी मागितली जाते, त्याआधीच्या आवृत्त्यांत ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. अपडेटनंतर दोन्ही तपासा. आयफोनवर ॲप बोटाने वर सरकवून बंद करायची सवय सोडा, त्याने मागे चालणारी जोडणीही मरते.

हेल्मेटवर ॲक्शन कॅमेरा असेल तर त्याचं वायफाय बंद करा. ब्लूटूथ वारंवारता बदलत राहतं, त्यामुळे ते बरंचसं निभावून नेतं. पण एएनटी प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीचे सेन्सर २,४५७ मेगाहर्ट्झवर ठाण मांडून बसतात आणि वायफायचा ११ वा चॅनेल नेमका त्याच पट्ट्यात पसरलेला असतो.

चष्माच बंद पडतो

हाताच्या इशाऱ्याने पान बदलणाऱ्या चष्म्यांत एक बारीक खोडी असते. हातमोज्याने कपाळाचा घाम पुसला की सेन्सरला वाटतं तुम्ही इशारा केलात, आणि रिकामं किंवा भलतंच पान समोर येतं. डिस्प्ले गेला तो घाम पुसल्यावर गेला का, हे आठवून बघा. इशारे बंद करून एक राइड करा. नको असलेली पानं काढून टाकणं तर कधीही चांगलं.

थंडीत लिथियम बॅटरीचं व्होल्टेज लवकर पडतं, म्हणून वीस-तीस टक्के दाखवत असतानाही चष्मा एकदम बंद होऊ शकतो. ब्राइटनेस कमी करा आणि निघेपर्यंत चष्मा खिशात उबेत ठेवा. चार्जिंगच्या धातूच्या टोकांवर घामाचं मीठ आणि हिरवट थर साचतो. मग रात्रभर लावूनही चार्ज अर्धवटच होतो आणि दोष बॅटरीवर जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती टोकं पुसा, पण काचेच्या आतल्या लेपाला अल्कोहोल लागू देऊ नका. चष्मा ओला असताना चार्जिंगला लावू नका.

जुनी उपकरणं असतील तर अपेक्षा बेताच्या ठेवा. रिकॉन जेट २०१५ मध्ये बाजारात आलं, त्याच वर्षी इंटेलने रिकॉन विकत घेतली आणि २०१७ मध्ये तो विभाग बंद केला. अशा चष्म्यांच्या ॲपची नवी आवृत्ती येणार नाही. तो जिच्यावर चालत होता ती फोनची जुनी सिस्टीम जपून ठेवणं, म्हणजे एखादा जुना फोन त्याच कामासाठी बाजूला काढणं, एवढंच हातात उरतं.

हे सगळं करूनही भागलं नाही तर कंपनीला लिहाच, पण "डिस्प्ले जातो" एवढंच लिहू नका. कुठल्या चाचणीला चित्र परत आलं, आकडे गोठले की चौकटच गेली, आकडे फोनवरून येत होते की कॉम्प्युटरवरून, दोन्हींच्या फर्मवेअरची आवृत्ती आणि राइड सुरू झाल्यावर किती मिनिटांनी गेलं, हे लिहा. शक्य असेल तर डिस्प्ले गेलेला असताना काचेच्या आतल्या बाजूने, डोळ्याच्या जागी फोनचा कॅमेरा धरून काढलेला फोटो जोडा. त्यात आकडे उमटलेले दिसले, तर पत्र पाठवायच्या आधी नोज पॅड पुन्हा एकदा तपासा.